नाव फोटोतच राहिले पाहिजे : डिजिकॅम वापरून दोन वर्षे

२०१७ च्या मे महिन्यात माझ्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. दुरुस्ती करणाऱ्याने मेहनत घेऊन तिच्यातली बहुतेक छायाचित्रे परत काढून दिली, पण माझ्या हाती आले ते एकाच फोल्डरमध्ये कोंबलेले, नुसते क्रमांक लावलेले हजारो फोटो. ‘सारंगखेडा यात्रा’, ‘काकांची साठी’, ‘आखाजी, आत्याकडे’ अशी वर्षानुवर्षे विचार करून दिलेली फोल्डरची नावे नाहीशी झाली होती. एक गोष्ट मात्र शाबूत होती, ती म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रत्येक फोटोची तारीख आणि वेळ. कारण ती फाइलीच्या आत लिहिलेली होती. तेव्हापासून मला असा प्रोग्रॅम हवा होता, जो माणसाचे नाव, गाव, प्रसंग अशी मी दिलेली सगळी माहिती त्या तारखेच्या शेजारी, फोटोच्या पोटातच लिहून ठेवील. गेली दोन वर्षे मी त्यासाठी डिजिकॅम वापरतो आहे आणि सुमारे ४१ हजार फोटोंवर काम केल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

डिजिकॅम हा फोटो लावून ठेवण्याचा मोफत आणि मुक्त प्रोग्रॅम आहे. केडीई या १९९६ साली सुरू झालेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या छत्राखाली तो तयार होतो, लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर चालतो आणि जीपीएल परवान्याखाली दिला जातो, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणीही पाहू, वापरू आणि बदलू शकतो. रेंची राजू यांनी या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो लिहायला घेतला आणि नंतरची अनेक वर्षे जिल कोलिए यांनी इतर स्वयंसेवकांसह तो पुढे नेला. हा तपशील सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. फोटो जपण्याचे काम पिढ्यांचे असते आणि त्यासाठी वापरलेले साधन एखाद्या कंपनीच्या निर्णयाने एका दिवसात बंद होऊ नये, असे मला मनापासून वाटते. गूगलने पिकासा हा आपला फोटो लावण्याचा प्रोग्रॅम २०१६ च्या मार्चमध्ये बंद केला आणि गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. त्यानंतर एका खात्याला सर्व मिळून १५ जीबी एवढीच जागा मोफत राहिली. कंपनीने तसे करण्यात काही गैर नाही, परंतु आपल्या आजोबांचे नाव कोठे लिहून ठेवायचे हे ठरवताना याचा विचार व्हायलाच हवा.

डिजिकॅम फोटो स्वतःच्या कोठारात ओढून घेत नाही. आपण दाखवलेले फोल्डर जसे आहेत तसेच तो वाचतो आणि त्यांनाच अल्बम मानतो. आपण दिलेली माहिती तो दोन ठिकाणी ठेवू शकतो : एक स्वतःच्या डेटाबेसमध्ये आणि दुसरी थेट फोटोच्या फाइलीत, एक्झिफ, आयपीटीसी आणि एक्सएमपी या सर्वमान्य रचनांमध्ये. सेटिंगमधील ‘मेटाडेटा’ या भागात जाऊन टॅग (म्हणजे फोटोला चिकटवलेले ओळखशब्द), कॅप्शन, तारांकन आणि चेहऱ्यांची नावे फाइलीत लिहिण्याच्या चौकटींवर खूण आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी तपासावे. ज्यांना मूळ फाइलीला हात लावणे नको वाटते, त्यांच्यासाठी शेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल तयार करण्याची सोय आहे. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंच्या मोठ्या टिफ फाइलींसाठी मी ती वापरतो, बाकी सगळ्या जेपेग फाइलींमध्ये माहिती आतच लिहितो. प्रोग्रॅम घेतल्यावर नवे काही उघडून पाहण्याच्या उत्साहात हे सेटिंग राहून जाते आणि महिनोन्महिन्यांचे काम केवळ डेटाबेसमध्ये साठत राहते, म्हणून ते मी सर्वांत आधी सांगितले.

टॅगची रचना हा माझ्या दृष्टीने डिजिकॅमचा सर्वांत उपयोगी भाग आहे. टॅगच्या पोटात टॅग, त्याच्या पोटात आणखी टॅग असे हवे तेवढे खोल जाता येते. ‘सण’ या टॅगखाली मी आखाजी (म्हणजे अक्षय तृतीया), कानबाई, पोळा अशी पाने केली आहेत आणि कानबाईच्या खाली स्थापना, रोट, विसर्जन अशी आणखी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाई या खानदेशातल्या देवीचे फोटो आमच्याकडे १९८० च्या दशकापासूनचे आहेत. ते वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या घरांच्या फोल्डरमध्ये विखुरलेले होते. आता एका टिचकीत सगळ्या कानबाया वर्षांच्या क्रमाने समोर येतात आणि पत्र्याच्या छताखालचा चौरंग जाऊन फरशीवरचा चौरंग कधी आला, हेही दिसते. फोल्डरमध्ये फोटो एकाच जागी राहू शकतो. टॅग मात्र एकाच फोटोला सणाचा, गावाचा, माणसांचा आणि ‘जुने घर’ असाही लावता येतो.

टॅग देवनागरीत लिहिता येतात, शोधताही येतात आणि आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीच्या शब्दांनाही काही अडचण येत नाही. तरीही मराठीत काम करणाऱ्यांनी दोन गोष्टींची काळजी घ्यावी, कारण त्या इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडणार नाहीत. पहिली गोष्ट ‘ऱ्य’ या जोडाक्षराची. साक्री तालुक्यातील डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाचे फोटो मी दोन वेगळ्या कळफलकांवरून टॅग केले आणि यादीत ‘डोंगऱ्यादेव’ हा टॅग दोनदा दिसू लागला. डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे होते, परंतु एका कळफलकाने तो अर्धा र नुक्त्याच्या ‘ऱ’पासून घडवला होता आणि दुसऱ्याने साध्या ‘र’नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरले. टॅगवर टॅग ओढून ते एकत्र केले आणि तेव्हापासून एकच कळफलक वापरण्याचा नियम पाळला. दुसरी गोष्ट लांबीची. आयपीटीसी ही जुनी रचना आहे आणि तिच्यात एका टॅगला ६४ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळे, काना वेगळा, वेलांटी वेगळी, प्रत्येकी ३ बाइट घेते. त्यामुळे तेथे एकवीस चिन्हांपुढचा मजकूर बसत नाही. एक्सएमपीला ही मर्यादा नाही. म्हणून टॅग आटोपशीर ठेवावेत आणि लांब मजकूर कॅप्शनमध्ये लिहावा. कॅप्शन एकाच फोटोला एकाहून अधिक भाषांत देता येते, ही सोय परदेशी राहणाऱ्या नातवंडांसाठी फार कामाची आहे.

आता चेहऱ्यांविषयी. २०२० च्या जुलैमध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीपासून डिजिकॅममधील चेहरे शोधण्याचे आणि ओळखण्याचे काम न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे असंख्य नमुन्यांवरून शिकवलेल्या प्रणालीवर चालते. त्यासाठी लागणाऱ्या मोठ्या फाइली सुरुवातीला एकदा इंटरनेटवरून उतरवून घ्याव्या लागतात. त्यानंतरचे सगळे काम आपल्याच संगणकावर होते आणि घरच्यांचे चेहरे बाहेर कोठेही जात नाहीत. प्रोग्रॅम आधी फोटोंमधील चेहऱ्यांभोवती चौकटी आखतो आणि ते ‘अननोन’ या टॅगखाली जमा करतो. आपण काही चेहऱ्यांना नावे दिली की मग तो उरलेल्यांसाठी नावे सुचवतो आणि ते चेहरे ‘अनकन्फर्म्ड’ म्हणजे आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत ठेवतो. होकार दिल्यावर नाव आणि चौकट दोन्ही फोटोच्या फाइलीत लिहिली जातात, तीही इतर प्रोग्रॅमना वाचता येईल अशा ठरलेल्या रचनेत.

गेल्या पंधरावीस वर्षांतल्या स्वच्छ उजेडातील फोटोंमध्ये त्याची ओळख चांगली आहे. दोनतीनशे फोटोंना नावे दिल्यावर तो घरच्या माणसांना सहसा चुकत नाही. सख्ख्या बहिणींमध्ये आणि बाप-लेकांमध्ये त्याचा गोंधळ होतो, तो आपलाही होतो. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेल्या बायका, फेट्याच्या सावलीत गेलेले चेहरे आणि लग्नाच्या पंगतीत एका बाजूने दिसणारी माणसे त्याला पुष्कळदा सापडतच नाहीत. तेथे आपल्या हाताने चौकट आखावी लागते. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या बाबतीत त्याच्या सुचवण्यावर मी विसंबत नाही. बालपणीचा चेहरा आणि म्हातारपणीचा चेहरा एकाच माणसाचे आहेत हे त्याने क्वचितच ओळखले.

तेथे माणूसच लागतो, आणि आमच्या घरी ते माणूस म्हणजे माझी आत्या. ती ८४ वर्षांची आहे. डिजिकॅममध्ये घरातील टीव्हीवर फोटो पाठवण्याची सोय आहे. दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर असली की निवडलेला अल्बम टीव्हीवर उघडता येतो. रविवारी दुपारी मी तिला मोठ्या पडद्यावर एकेक फोटो दाखवतो आणि ती सांगेल ते मांडीवरच्या लॅपटॉपवर लिहून घेतो. १९६० च्या दशकातील एका वऱ्हाडाच्या फोटोत मागच्या रांगेत उभा असलेला, टोपी तिरपी घातलेला मुलगा आम्हां कोणालाच माहीत नव्हता. आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, “भाऊ, हाऊ मन्हा मामाना आंडोर शे.” म्हणजे हा माझ्या मामाचा मुलगा. मग त्याचे नाव, त्याचे शिक्षण, तो सुरतेला कामाला गेला ते वर्ष, असे सगळे एकामागून एक आले. नाव चौकटीला दिले आणि बाकीचे तिच्याच शब्दांत, अहिराणीत, कॅप्शनमध्ये लिहिले. ती माहिती आता त्या फोटोबरोबर राहील. फोटोची प्रत दिली की ती प्रतीबरोबर जाईल. मात्र मेसेजिंग ॲपवरून फोटो पाठवला की अशी माहिती बहुधा गळून पडते, म्हणून नातेवाइकांना प्रती देताना मी पेन ड्राइव्ह वापरतो.

स्कॅन केलेल्या फोटोंची तारीख हा वेगळा विषय आहे. स्कॅनर स्कॅन केल्याच्या दिवसाची तारीख देतो, त्यामुळे १९७२ च्या दुष्काळातले फोटो गेल्या वर्षीच्या दिवाळीशेजारी जाऊन बसतात. ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’ या साधनाने शेकडो फोटोंची तारीख एकदम बदलता येते. पण तेथे दिवस आणि महिना दिल्यावाचून चालत नाही; नुसते वर्ष माहीत असेल तर काय करायचे, हा प्रश्न राहतो. मी अशा फोटोंना त्या वर्षाची १ जानेवारी देतो आणि सोबत ‘तारीख अंदाजे’ असा टॅग लावतो. अंदाजाला अंदाज म्हणून नोंदवणे मला अत्यावश्यक वाटते, नाहीतर पुढच्या पिढीला सगळी लग्ने १ जानेवारीलाच लागली असे वाटेल.

नकाशावर फोटो ठेवण्याची सोय मी सुरुवातीला दुर्लक्षिली होती. मोबाइलच्या फोटोंमध्ये ठिकाण आपोआप येते. जुन्या फोटोंना ते नकाशावर ओढून द्यावे लागते. आत्याचे आजोळ तापीकाठच्या, हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे उठवाव्या लागलेल्या गावांपैकी एक. तिथल्या वाड्याचे तीन फोटो आमच्याकडे आहेत. आत्याने ‘नदीच्या या वळणापासून इकडे’ असे बोटाने दाखवले आणि मी ते तीन फोटो तेथे ठेवले; आज नकाशात त्या जागी निळे पाणी दिसते. नव्या गावठाणावर ते ठेवणे सोयीचे झाले असते, पण खरे झाले नसते.

एकसारखे फोटो शोधण्याचे साधनही आहे आणि ते काम चोख करते. फक्त त्याआधी सगळ्या संग्रहातील फोटोंचे ठसे, म्हणजे तुलनेसाठीच्या खुणा, तयार करून घ्यावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. एकच फोटो कॅमेऱ्यातून, नातेवाइकांच्या मोबाइलवरून आणि कोणाच्या तरी सीडीवरून असा तीनदा आलेला असतो. आपण ठरवलेल्या साम्याच्या टक्केवारीनुसार हे साधन अशा प्रती शोधते, आणि त्यातला मोठ्या आकाराचा फोटो ठेवून बाकीचे काढावेत. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी दत्तजयंतीला एका दिवसात चारपाचशे फोटो काढतो. त्यांतून निवड करताना ‘लाइट टेबल’वर दोन फोटो शेजारी ठेवून एकाच वेळी मोठे करून पाहता येतात, घोड्याच्या डोळ्यात फोकस कोणत्या फोटोत आहे ते लगेच कळते, आणि निवडलेले, विचारात असलेले, नाकारलेले अशी खूण कळफलकावरूनच करता येते.

संपादनाच्या बाजूला मी डिजिकॅमला चांगले म्हणेन, उत्तम म्हणणार नाही. कर्व्हज, लेव्हल्स, पांढऱ्या रंगाचा समतोल, आवाज म्हणजे दाणे कमी करणे, तिरपा फोटो सरळ करणे, भिंगाचा दोष दुरुस्त करणे आणि डाग पुसणे ही नेहमीची कामे त्यात नीट होतात. कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलीही उघडतात. १९८० च्या दशकातील रंगीत प्रिंट अल्बममध्ये राहून तांबूस झाल्या आहेत, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. प्रत्येक रंगाचा कर्व्ह वेगवेगळा ओढून त्यातल्या बऱ्याच प्रिंटना मी पुन्हा हिरवी झाडे मिळवून दिली. दुरुस्त केलेला फोटो शेजारी ‘व्ही १’ अशा शेपटाने वेगळा जतन होतो आणि मूळ फाइल तशीच राहते, ही रचना मला फार आवडते. मात्र यात एकावर एक ठेवून वेगवेगळे बदलता येणारे थर नाहीत. फाटलेला चेहरा जोडणे, पार्श्वभूमी वेगळी करणे असे काम निघाले की मी गिम्पकडे वळतो, आणि रॉ फाइलींवर बारकाईने काम करायचे असेल तर डार्कटेबल. दोन्ही मोफत आहेत.

कृष्णधवल रूपांतरासाठी दिलेल्या सोयींविषयी थोडे अधिक लिहितो, कारण चित्रकलेचा शिक्षक म्हणून तो माझ्या जिव्हाळ्याचा भाग आहे. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचे घर आहे. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. आयुष्याची अनेक दशके त्यांनी त्या घराबाहेर न पडता काढली आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश वळवून, त्यांतून अख्खी दृश्ये उभी केली. ते घर आता संग्रहालय आहे आणि मी नोकरीत असताना विद्यार्थ्यांना तेथे घेऊन जात असे. त्यांची छायाचित्रे पाहिलेल्या माणसाला काळ्या रंगातही किती पायऱ्या असतात हे कळते. डिजिकॅममध्ये रंग नुसता काढून टाकला तर या पायऱ्या सपाट होतात. त्याऐवजी कृष्णधवलच्या साधनात जाऊन वेगवेगळ्या फिल्मची आणि रंगीत फिल्टरची नक्कल करून पाहावी. आमच्याकडच्या उन्हात काढलेल्या सावळ्या चेहऱ्यांना बहुतेक वेळा नारिंगी फिल्टर मानवतो आणि आकाशही पांढरेफटक होत नाही.

या प्रोग्रॅमचा एक उपयोग मला पुतण्याने दाखवला. रावेर तालुक्यात त्याची केळी आहे. तो मृगबाग, कांदेबाग आणि पिलबाग अशा केळीच्या वेगवेगळ्या बागांचे फोटो दर पंधरा दिवसांनी काढतो आणि ‘केळी’ या टॅगखाली करपा आणि सीएमव्ही हे रोग, घड, वादळ असे टॅग लावतो. कालरेषेचे दृश्य उघडले की गेल्या वर्षी याच आठवड्यात पानावर करप्याचे ठिपके किती होते हे त्याला दिसते, आणि वादळाने बाग पडल्यावर तारीख आणि ठिकाण फाइलीतच असलेले फोटो त्याच्याकडे तयार असतात.

आता उणिवा. पहिल्यांदा उघडल्यावर डिजिकॅमचा पडदा गच्च भरलेला वाटतो; डावीकडे पट्ट्या, उजवीकडे पट्ट्या आणि सेटिंगची दालने इतकी की नवखा माणूस गांगरून जातो. मला सरावाला दोन महिने लागले. ४ जीबी मेमरीच्या जुन्या संगणकावर तो वापरण्याच्या फंदात पडू नये. ८ जीबी असावी आणि डेटाबेस आतल्या एसएसडीवर ठेवावा, नेटवर्कवरच्या डिस्कवर मुळीच ठेवू नये. मोबाइलसाठी त्याची आवृत्ती नाही. हजारो फोटोंमधील चेहरे शोधताना प्रोसेसरवर ताण येतो आणि लॅपटॉप तापतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकला असताना हे काम दुपारी लावू नये. मी ते पहाटे लावतो आणि सगळे कोअर वापरण्याच्या पर्यायावरची खूण काढून टाकतो, वेळ जास्त लागला तरी चालतो. वीज जाण्याची शक्यता असेल तेव्हा डेस्कटॉपला यूपीएस असल्याखेरीज फाइलींमध्ये माहिती लिहिण्याचे मोठे काम सुरू करू नये. आणि माहिती फोटोच्या आत लिहिली असली तरी फोटोच गेला तर ती जाणारच, तेव्हा माझ्याकडे दोन वेगळ्या डिस्कवर प्रती आहेत आणि त्यातली एक मुलाच्या घरी, धुळ्याला असते.

ज्यांच्याकडे दोनतीन हजार फोटो आहेत आणि ते मोबाइलवरच पाहायचे आहेत, त्यांना डिजिकॅमची गरज नाही. ज्यांच्याकडे तीन पिढ्यांचे अल्बम, निगेटिव्हची पाकिटे, सीडी आणि कार्डे साठलेली आहेत आणि ती कोणीतरी लावायला हवीत असे ज्यांना वाटते, त्यांनी तो आजच उतरवून घ्यावा. शंभर फोटोंचे एकच फोल्डर दाखवून सुरुवात करावी, टॅगची रचना पक्की होईपर्यंत पुढे जाऊ नये आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या फोटोंपासून आरंभ करावा.

माझ्या ‘अननोन’मध्ये अजून सहाशेच्या आसपास चेहरे शिल्लक आहेत. त्यांतले बरेच आत्याच्या सासरकडचे आहेत आणि तिलाही आता सगळे आठवत नाहीत. आखाजीला तिच्या दोन्ही लेकी माहेरी येणार आहेत, तेव्हा ते फोटो मी वेगळ्या अल्बममध्ये काढून ठेवले आहेत.